दारूची तलफ उठते बाजारात, उपचार मात्र नागपुरात

विदर्भात दारूचा वाद दुकानापाशी सुरू होतो आणि दुकानापाशीच संपतो. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ च्या एप्रिलमध्ये बंदी लागली आणि २०२१ मध्ये उठली. २०१० मध्ये दारूबंदी मागत चिमूरहून नागपूरला पायी गेलेल्या बायांचं म्हणणं खरंच होतं, कारण दारूचा मार त्यांच्या अंगावर पडलेला होता. बंदीने चोरटी दारू वाढते असं म्हणणाऱ्यांकडेही सांगण्यासारखं आहे. पण सकाळी हाताची थरथर थांबावी म्हणून ज्याला पव्वा लागतो, तो माणूस या दोन्ही बाजूंच्या हिशेबात बसत नाही. दुकान उघडं असो की बंद, पुढचे चोवीस तास त्याने कसे काढायचे, हे त्याला कोणी सांगत नाही.

दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसली तरी मदत मिळाली होती, आणि भरती होऊन उपचार मिळालेला १८० जणांमागे एक. देशाची ही स्थिती असेल, तर धारणी, भामरागड, घाटंजी किंवा सालेकसा इथल्या माणसाच्या वाट्याला काय येत असेल याची कल्पना करता येते.

या रिकाम्या जागेत आता मेंदू-उत्तेजनाची मशीनं येत आहेत. डोक्यावर चुंबकाची कॉइल ठेवून किंवा कपाळावर ओले स्पंज लावून मेंदूच्या आवर घालणाऱ्या भागाला चालना द्यायची, म्हणजे तलफ कमी होते, असा हा उपचार. हे थोतांड नाही. त्यामागे गंभीर संशोधन आहे आणि त्यातलं काही आपल्याच देशात झालं आहे. तरीही माझं मत असं की ग्रामीण विदर्भासाठी खर्च होणाऱ्या सरकारी पैशावर पहिला हक्क या मशीनचा नाही. तो प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या वर्तन-उपचाराचा आहे. मशीन त्याच्या मागून आणि त्याला बांधूनच यावं. हे पैशाच्या तंगीमुळे म्हणत नाही. आवर घालण्याची ताकद मेंदूत नेमकी कशी तयार होते, तेच याचं कारण आहे.

तलफ येणं वेगळं आणि हात जाणं वेगळं. मेंदूत खोलवर एक जाळं आहे, ते सुखाच्या खुणा शिकून ठेवतं. झाकण फिरवल्याचा आवाज, भट्टीजवळचा वास, संध्याकाळचे सहा, ठराविक सोबती, अशा सगळ्या खुणा वर्षानुवर्षं पिऊन तिथे पक्क्या होतात. खूण दिसली की घोट घेण्याआधीच ते जाळं जागं होतं, आणि तलफ ती हीच. कपाळामागचा भाग थांबवण्याचं, तोलण्याचं, उद्याकडे पाहण्याचं काम करतो. दीर्घकाळ पिण्याने हा भाग ढिला पडतो. प्रयोगशाळेत हे मोजता येतं. पडद्यावर बाण दिसला की बटण दाबायचं आणि मधेच आवाज झाला तर हात आवरायचा, अशी एक चाचणी आहे. दारूवर अवलंबून असलेल्यांना हात आवरायला सरासरी जास्त वेळ लागतो. दुसऱ्या चाचणीत विचारतात: आज ५०० रुपये घ्याल की महिन्याने १,०००? ही माणसं आजचे पैसे जास्त वेळा निवडतात.

आपल्याकडे पैसा हातात कसा येतो ते पाहिलं तर ही दुसरी चाचणी नीट कळते. मजुरी आठवडी बाजाराच्या दिवशी मिळते, कापसाचा चुकारा एकरकमी मिळतो, तेंदूपत्त्याचे पैसे उन्हाळ्यात येतात. खिसा भरलेला, पोट रिकामं, अंग थकलेलं आणि दुकान वाटेवर, हे सगळं एकाच संध्याकाळी जुळून येतं. मेंदूचा आवर जेव्हा सगळ्यात कमजोर असतो, नेमकी तेव्हाच त्याची सगळ्यात मोठी परीक्षा होते.

‘मनावर घेतलं तर सुटते’ असं घरचे म्हणतात. आवर वाढवता येतो, एवढं त्यात खरं आहे. पण शपथ घेऊन तो वाढत नाही, सरावाने वाढतो. माळ घालून दारू सोडलेले लोक गावोगाव आहेत. माळेने त्यांची संध्याकाळ बदलली, सोबत बदलली आणि ‘मी माळकरी आहे’ हे सर्वांना मान्य असलेलं तयार उत्तर त्यांच्या तोंडी आलं. उपचारात हेच करायचं असतं, फक्त ज्यांना माळ पेलत नाही किंवा घालायची नाही त्यांच्यासाठीही.

या सगळ्याच्या आधी पाच-सात दिवस असे असतात की त्यात माणूस दगावू शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं की शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम आणि उलट्या सुरू होतात, झोप उडते. फिट येण्याचा धोका मुख्यतः ६ ते ४८ तासांत असतो. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, जागा-वेळ कळत नाही, ताप चढतो, छाती धडधडते. खेड्यात अशा वेळी ‘बाहेरचं झालं’ म्हणून माणसाला मांत्रिकाकडे नेतात, नाहीतर खोलीत कोंडून ठेवतात. ही अवस्था भरती करून उपचार करण्याची आहे, घरी निभावण्याची नाही. ज्याला आधी कधी फिट आली होती किंवा भ्रम झाला होता, त्याने तर घरच्या घरी एकदम थांबवूच नये.

ग्रामीण रुग्णालयात यासाठी फार काही लागत नाही. लक्षणं मोजायचा दहा बाबींचा तक्ता असतो, त्यात जास्तीत जास्त ६७ गुण. आठच्या आत गुण असतील तर त्रास सौम्य समजतात. त्याच्या वर गेले की डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड देऊन पाच-सात दिवसांत मात्रा उतरवत नेतात. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम देतात. चूक होते ती सलाईनपाशी. आपल्याकडे अशक्तपणा म्हटला की सलाईन, आणि सलाईन म्हटलं की बहुतेक वेळा ग्लुकोजची बाटली. वर्षानुवर्षं दारू पिऊन जेवण सुटलेल्या माणसाच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, उरलेलं नसतं. ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन लागतं. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांची हालचाल बिघडते, पाय अडखळतात, माणूस गोंधळतो. वेळीच शिरेतून थायमिन दिलं नाही तर नव्या गोष्टी लक्षात ठेवण्याची शक्ती कायमची जाऊ शकते. मग पुढे समुपदेशकाने काहीही शिकवलं तरी ते दुसऱ्या दिवशी उरत नाही. थायमिनचं इंजेक्शन स्वस्त आहे. ग्लुकोजच्या बाटलीआधी किंवा निदान तिच्यासोबत ते गेलंच पाहिजे, हे प्रत्येक परिचारिकेला ठाऊक असावं. माझ्या मते तालुक्यातलं सर्वांत स्वस्त मेंदू-संरक्षण हेच आहे.

थरथर थांबली, झोप लागली की सराव सुरू करता येतो. आधी कोणाला किती उपचार हवेत ते ठरवायचं. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ प्रश्नावली त्यासाठी पुरते. ४० पैकी ८ ते १५ गुण आले तर सल्ला पुरेसा, १६ ते १९ ला समुपदेशन, २० किंवा जास्त आले तर अवलंबित्वाची पूर्ण तपासणी. विचारताना माप नीट हवं. ‘एक पव्वा’ म्हणजे एक पेग असं धरलं की सगळे गुण खोटे ठरतात. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या १८० मिलीच्या बाटलीत सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे १० ग्रॅमचं एक माप धरलं तर सहा मापं. मोहाच्या दारूचं प्रमाण तर प्रत्येक गाळणीला वेगळं. तिथे ग्लासाचा आकार आणि संख्या लिहून घ्यावी, अंदाजाने टक्केवारी लिहू नये.

समुपदेशन डॉक्टरनेच करायला हवं असं नाही. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीखाली आलेले ३६ टक्के होते, समुपदेशन न मिळालेल्यांत २६ टक्के. मागच्या १४ दिवसांत अजिबात न प्यायलेले ४२ टक्के, तर दुसऱ्या गटात १८. हे लोक घातक प्रमाणात पिणारे होते, पूर्ण अवलंबित्व असलेले नव्हते. ज्याला सकाळी थरथर सुटते त्याला चार बैठका पुरणार नाहीत. त्याला औषध आणि महिनोन्महिने पाठपुरावा लागतो. पण गावातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी हे काम करू शकते, हे तिथे सिद्ध झालं. बैठकांचं ध्वनिमुद्रण ऐकून एकमेकांना गुण देणं ही त्यांची देखरेखीची पद्धत होती. ती वगळून नुसतं दोन दिवसांचं प्रशिक्षण उरकलं, तर हाती फक्त हजेरीपट राहतील.

बैठकीत आवर कसा शिकवतात ते थोडं जवळून पाहू. पहिल्या बैठकीत उपदेश करायचा नाही, मागच्या सात दिवसांचा नकाशा काढायचा. प्रत्येक वेळी किती वाजले होते, कुठे होतो, सोबत कोण होतं, खिशात किती पैसे होते, शेवटचं जेवण कधी झालं, डोक्यात काय चाललं होतं. कागदावर उतरलं की बहुतेकांच्या लक्षात येतं की दोन-तीन ठिकाणं आणि एक-दोन माणसंच पुन्हा पुन्हा येत आहेत. दुसऱ्या बैठकीत ‘जर-तर’चे बेत. ‘मी आता पिणार नाही’ हा बेत नव्हे, कारण आवर ढिला पडतो त्या क्षणी पाय कुठे न्यायचे हे त्यात नाही. बेत असा हवा: ‘बुधवारी मुकादमाने मजुरी दिली की शंभर रुपये ठेवून बाकीचे तिथेच घरच्या खात्यावर टाकीन आणि बसस्टँडवरून न जाता शाळेमागच्या रस्त्याने घरी जाईन.’ वार, जागा, रक्कम, रस्ता, सगळं त्यात आलं पाहिजे. खूण दिसल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही, म्हणून विचार आधीच करून ठेवायचा.

इथे एक काळजी घ्यावी लागते. पैसे बायकोकडे द्यायचे असं ठरवण्याआधी तिला वेगळं बसवून विचारावं. मारहाणीचं घर असेल तर रात्री त्याच पैशांसाठी तिला मार पडतो. अशा घरी पैसे भाऊ, बचत खातं किंवा किराणा दुकानाची उधारी यांच्याकडे वळवायचे. बायकोला पहारेकरी करणारा उपचार फार दिवस टिकत नाही, आणि तो तिच्यावर अन्यायही आहे.

तिसऱ्या बैठकीत नकाराची तालीम, तीही उभं राहून. समुपदेशक सोबत्याच्या तोंडचं बोलतो: ‘चाल न बे, एकच पव्वा. मीच पाजतो.’ उत्तर तीन-चार शब्दांचं हवं: ‘नाही, दवा सुरू आहे.’ आणि बोलता बोलता पाय पुढे पडले पाहिजेत. कारणं सांगत बसलं की सोबती एकेक कारण खोडतो आणि चौथ्या कारणाला माणूस बाकावर बसलेला असतो. आठ-दहा वेळा मोठ्याने म्हटल्याशिवाय हे तोंडात बसत नाही. पहिल्या दोन-तीन वेळा हसू येतं, तिथेच तालीम सोडून देणं ही नेहमीची चूक.

याच्या जोडीला तलफ थोपवण्याचा सराव. तलफ लाटेसारखी चढते आणि न भागवताही उतरते, हे अंगावर अनुभवावं लागतं. मोबाइलवर वीस मिनिटं लावायची, दोन ग्लास पाणी प्यायचं, मूठभर फुटाणे-गूळ खायचा, जागा बदलायची. संध्याकाळची तलफ बऱ्याचदा भुकेत मिसळलेली असते. सकाळी दहाला भाकर खाऊन वावरात गेलेला माणूस सहा वाजता रिकाम्या पोटी भट्टीसमोरून जातो, तेव्हा त्याला भूक आणि तलफ वेगळी ओळखू येत नाही. पाच वाजता काहीतरी खाल्लेलं असणं हासुद्धा उपचाराचा भाग आहे आणि तो चिठ्ठीवर लिहावा.

संगणकावर करायचा एक सरावही आहे. पडद्यावर दारूचं चित्र आलं की जॉयस्टिक पुढे ढकलायची, सरबताचं आलं की जवळ ओढायची. जर्मनीत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २१४ भरती रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारासोबत अशी पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रं दिली. वर्षभरानंतर पुन्हा पिऊ लागलेल्यांचं प्रमाण त्यांच्यात ४६ टक्के होतं, सत्रं न मिळालेल्यांत ५९. मेलबर्नमध्ये ३०० रुग्णांवर झालेल्या २०२१ च्या अभ्यासात सुटी होऊन दोन आठवडे झाले तेव्हा ५४ टक्के अजिबात न पिता राहिले होते, दुसऱ्या गटात ४२ ते ४३ टक्के. फरक फार मोठा नाही, पण एका जॉयस्टिकच्या खर्चात मिळणारा आहे. हे आपल्याकडे आणायचं तर चित्रं आपली हवीत. बारमधला बर्फ घातलेला व्हिस्कीचा ग्लास दाखवून मोहाची किंवा देशी पिणाऱ्याच्या मेंदूतली खूण हलणार नाही. प्लास्टिकचा ग्लास, देशीची बाटली, शेजारी मीठ-चण्याची पुडी, असं चित्र लागेल.

बक्षीस हा उपायही आपण गंभीरपणे घेत नाही. अमेरिकेत नॅन्सी पेट्री यांनी २००० मध्ये दाखवलं की श्वासाच्या चाचणीत दारू आढळली नाही तर भांड्यातून चिठ्ठी काढून लहानसं बक्षीस मिळवण्याची संधी दिल्यावर आठ आठवडे उपचारात टिकलेले ८४ टक्के झाले, एरवी २२. ‘पिणाऱ्याला वर बक्षीस कशाला’ असा राग येऊ शकतो. पण ज्याचा मेंदू महिन्यानंतरच्या हजारापेक्षा आजचे पाचशे निवडतो, त्याला न पिण्याचा फायदा आजच दिसला पाहिजे. किलोभर साखर, तेलाची पिशवी, मोबाइलचा रिचार्ज, एवढ्यावर हे चालू शकतं. बक्षीस रोख देऊ नये आणि चाचणी सांगून ठेवलेल्या दिवशीच व्हावी, चोर पकडल्यासारखी नव्हे.

औषधं याच्या सोबत असतात. नाल्ट्रेक्सोन, साधारण ५० मिलिग्रॅम रोज, पिण्यातली मजा आणि तलफ कमी करतं. अकॅम्प्रोसेट दिवसातून तीनदा घ्यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ही दोन्ही आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. डायसल्फिराम वेगळं. ते पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. त्याचा परिणाम शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. भाजीत गुपचूप कालवायच्या पुड्या विकणारे बाजारात आहेत, आणि थकलेल्या घरच्यांना तो शेवटचा उपाय वाटतो. ज्याला माहीत नाही तो त्यावर पव्वा लावतो आणि जिवावर बेतू शकतं. शिवाय असं फसवून दिल्याने त्याच्या आवराला काडीचाही सराव होत नाही.

आता मशीन. आधी एक भीती दूर करायला हवी: हा पूर्वीचा ‘शॉक’ नव्हे. भूल देत नाहीत, माणूस जागा असतो. कॉइलमधून क्षणभर जोराचा प्रवाह जातो, त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि कवटीखालच्या थोड्या भागातल्या पेशींना चालना मिळते. १९८५ मध्ये शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी हे प्रथम दाखवलं. सुरुवातीला प्रत्येकाची मात्रा ठरवावी लागते. डोक्यावर हाताच्या हालचालीची जागा शोधून एकेक ठोका देतात आणि दहापैकी पाच वेळा अंगठा हलेल इतकी ताकद नोंदवतात. उपचार साधारण त्याच्या ११० ते १२० टक्के ताकदीने, कॉइल पुढे कपाळाच्या बाजूला सरकवून, सेकंदाला दहा ठोके या वेगाने, थांबून थांबून देतात. एक सत्र वीस ते चाळीस मिनिटांचं, दहा ते वीस सत्रं, आठवड्यातले पाच दिवस. कानात बोळे घालतात, कारण टकटक मोठी असते. डोकं दुखणं आणि कातडी खेचल्यासारखं वाटणं नेहमीचं.

रांचीच्या केंद्रीय मनश्चिकित्सा संस्थेत ४५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. कपाळाच्या उजव्या बाजूला दहा सत्रं दिल्यावर खऱ्या उपचाराच्या गटात तलफ बनावट उपचाराच्या (मशीन लावल्याचं नुसतं भासवलेल्या) गटापेक्षा लक्षणीय कमी झाली. २०२२ मध्ये मेंदूच्या मधल्या, खोल भागावर काम करणाऱ्या कॉइलचा ५१ रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात भरपूर पिण्याचे दिवस खऱ्या गटात सुमारे ३ टक्के आणि बनावट गटात १०-११ टक्के होते. हे आशादायक आहे. पण असे अभ्यास लहान आहेत, मशीन तेच असलं तरी जागा, वेग, सत्रं दर वेळी वेगळी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हे तंत्र नैराश्यासाठी २००८ मध्ये, मंत्रचळासाठी (ओसीडी) २०१८ मध्ये आणि सिगारेट सोडण्यासाठी २०२० मध्ये मंजूर केलं. दारूसाठी त्यांची अशी मंजुरी नाही. ‘दारू सोडवण्याचं मान्यताप्राप्त मशीन’ अशी जाहिरात करणारा खोटं बोलतो.

दारूच्या रुग्णात धोकाही जास्त असतो. चुंबकाने फिट येणं एरवी फार दुर्मीळ आहे, पण दारू नुकतीच थांबलेली असेल, झोप झालेली नसेल, डायझेपाम एकदम बंद केलं असेल तर मेंदू आधीच फिटच्या उंबरठ्यावर असतो. वीस सत्रांमधल्या एखाद्या रात्री तो पिऊन आला आणि त्याने सांगितलं नाही, तर ठरवलेली मात्राही चुकते. म्हणून प्रत्येक सत्राआधी श्वासाची चाचणी आणि झोपेची विचारणा हवी. डोक्यात धातूची क्लिप, कानात कॉक्लियर इम्प्लांट किंवा छातीत पेसमेकर असेल तर सहसा हा उपचार करत नाहीत. मोटरसायकलवरून पडून डोक्याचं ऑपरेशन झालेले पिणारे आपल्याकडे कमी नाहीत, तेव्हा हा प्रश्न नुसता फॉर्मवर ठेवून भागत नाही.

स्पंज लावून सौम्य वीज देण्याची पद्धत स्वस्त आहे: २ मिलिॲम्पिअर, वीसेक मिनिटं. स्पंज मिठाच्या पाण्यात नीट भिजवले नाहीत किंवा मधेच सुकले तर कातडी भाजते. ब्राझीलमध्ये तीसेक रुग्णांना अशी सत्रं दिल्यावर सहा महिन्यांत पुन्हा पिऊ लागलेले निम्मे होते, बनावट गटात ८८ टक्के. बेल्जियममध्ये २०२१ चा सव्वाशे रुग्णांचा अभ्यास याहून उपयोगी आहे, कारण त्यात वीज आणि हात आवरण्याचा संगणकी सराव एकत्र होते. दोन आठवड्यांनी फायदा दिसला, पुढे तो टिकला नाही. उत्तेजनाने काही आठवडे आवर घालणं सोपं होतं. त्या काळात माणसाने काय शिकून घेतलं, त्यावर पुढचं ठरतं.

वीस दिवस रोज नागपुरात जायचं म्हणजे धारणीच्या किंवा भामरागडच्या माणसाला तिथेच मुक्काम करावा लागतो. रोजी ३०० रुपये धरली तर वीस दिवसांचे ६,००० बुडाले, सोबत आलेल्याचे धरून १२,०००. राहणं-खाणं वेगळं. त्या वीस दिवसांत त्याच्या खुणा, म्हणजे ती भट्टी, तो बुधवार, तो सोबती, त्याच्या समोर नसतात. सराव खुणेसमोर होत नाही. मग तो गावी परततो आणि पहिल्याच बाजाराला त्याच्याकडे ना बेत, ना पाठपुरावा.

‘खेड्यातल्या माणसाने नवं तंत्र मागू नये का?’ असं कोणी विचारेल. जरूर मागावं. विदर्भातल्या एक-दोन वैद्यकीय महाविद्यालयांत हे मशीन दारूच्या रुग्णांसाठी, संशोधन म्हणून, संमतीने आणि फुकट चालावं. थरथरीचा काळ संपल्यावर रुग्ण तीन आठवडे भरती राहील, त्याच वेळी जर-तरचे बेत आणि जॉयस्टिकचा सराव करेल, आणि सुटीच्या दिवशी त्याची फाइल तालुक्याच्या समुपदेशकाकडे फोनवर बोलून सोपवली जाईल. नैराश्यासाठी आता तीन मिनिटांची सत्रंही वापरतात. दारूसाठी ती किती उपयोगी हे अशाच ठिकाणी तपासता येईल, आणि उपयोगी ठरली तर एक मशीन दिवसाला कितीतरी जास्त जणांना पुरेल. पण मशीन आहे आणि तालुक्यात समुपदेशक नाही, अशी स्थिती असेल तर आधी समुपदेशकाची जागा भरावी. पत, प्रसिद्धी आणि उद्घाटनाचा फोटो मशीनला मिळतो, म्हणून हे उलट होण्याची भीती खरी आहे.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या आराखड्यात काही गोष्टी थेट लिहून घ्याव्यात. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात थायमिन, डायझेपाम आणि लोराझेपाम कधीच संपू नये. नाल्ट्रेक्सोन तालुक्याला मिळावं, त्यासाठी जिल्ह्याला खेप नको. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बाजाराच्या दिवशीच समुपदेशन असावं, सकाळच्या ओपीडीत नव्हे तर दुपारी तीन ते सहा, मजुरी वाटण्याच्या वेळी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूशी निगडित आजार येतात, म्हणून नाव गुप्त ठेवणं हा रुग्णाचा हक्क आहे. केंद्रावर ‘दारूवाल्यांची रांग’ अशी वेगळी रांग लावू नये. फोनवरच्या पाठपुराव्याला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहेच, पण ज्याने नकाशा काढला त्याच माणसाचा फोन जास्त उपयोगी पडतो.

नोंदवहीत एक रकाना वाढवावा: ‘पुढची धोक्याची तारीख’. पोळा, सोयाबीनची सोंगणी संपल्याचा दिवस, चुकारा जमा होण्याचा आठवडा, तेंदूपत्त्याचे पैसे, घरातलं लग्न. त्या तारखेच्या आदल्या दिवशी फोन जावा आणि बेत पुन्हा एकदा मोठ्याने म्हणवून घ्यावा. आणि घसरण झाली, तर ४८ तासांच्या आत भेट. त्या भेटीत रागवायचं नाही, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं नाही. शेवटचं जेवण, खिशातले पैसे, रस्ता आणि सोबती यांचा नकाशा नव्याने काढायचा, कुठला ‘जर’ लिहायचा राहिला होता ते शोधायचं, आणि थरथर असेल तर त्याच संध्याकाळी थायमिन देऊन भरती करायचं. नोंदवहीत अशा माणसापुढे ‘उपचार सोडला’ असं लिहू नये. ‘बैठक झाली’ असं लिहावं, कारण ती झालेली असते.